चार फुटांचा समुद्र

समुद्र मी तोवर पाहिला नव्हता, पण तो माझ्या घरात होता. बल्लारपूरला पेपर मिलच्या मागच्या अंगाला आमचं भाड्याचं घर, त्याच्या समोरच्या खोलीत लोखंडी स्टँडवर दोन फुटांची काचेची टाकी, आणि टाकीत मद्रासचं पाणी. लोक आधी हसायचे, मग बोट बुडवून चाखायचे आणि थुंकायला अंगणात पळायचे. त्या वर्षी गल्लीत पहिला रंगीत टीव्ही आला होता, तरी संध्याकाळी आमच्याकडे चार माणसं जास्तच असायची.

पुढे प्रश्न आला तो एवढाच की दोन फुटांची टाकी काढून चार फुटांची घ्यायची की नाही. वरवर पाहिलं तर फालतू प्रश्न. पण त्या टाकीच्या पाण्यावर एका माणसाची नोकरी टांगलेली होती, आणि तो माणूस ते मला कधीच सांगणार नव्हता. म्हणून ते दिवस आठवले की मला अजून आपल्याच घरात चोरासारखं वाटतं.

तो माणूस म्हणजे चाचा. आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे; अख्खी गल्ली त्यांना चाचाच म्हणायची. मद्रासच्या गाडीत डायनिंग कारमध्ये ते कामाला होते. आमच्याच गावच्या बल्लारशाह स्टेशनावर चढायचे, मद्रासला जायचे, तिथे थोडा मुक्काम करून उलट गाडीनं परत. कटलेट तळायचे, कांदे कापायचे, चहाच्या किटल्या भरायचे. त्यांच्या कपड्यांना सुट्टीच्या दिवशीसुद्धा तळलेल्या कांद्याचा वास यायचा.

मी शाळेत विज्ञान शिकवायची. समुद्राचं पाणी खारट का असतं, हे इतक्या वर्गांना सांगून झालं होतं की एक दिवस माझी मलाच लाज वाटली. आपण चाखलं तरी आहे का कधी? आणि सांगते तर अशी, की जसं काही रोज त्यातच तोंड धुते. त्याच संध्याकाळी चाचा ड्यूटीला निघाले होते. मी ओट्यावरून म्हटलं, "चाचा, येताना थोडा समुद्र घेऊन या."

आमच्याकडे जाणाऱ्याला काहीतरी आणायला सांगायची पद्धतच आहे. नागपूरला निघाला तर संत्री, सावली गावाकडे निघाला तर नवा तांदूळ. मी सांगून विसरूनही गेले. पुढच्या खेपेला चाचा तेलाचा धुतलेला डबा घेऊन दारात उभे. "घ्या बाई, समुद्र." डब्यात पाणी, आणि सोबत लोणच्याच्या बरणीत नखाएवढे दोन मासे, पिवळे, अंगावर काळे पट्टे. बंदराच्या दगडांमधून तिथल्या कोळ्यांनी काढून दिलेले. नाव विचारलं तर म्हणाले, "सांगितलं होतं त्यानं, पन काझीपेठ येईस्तोवर मी विसरलो." मग आम्ही त्यांना पट्टेवालेच म्हणायला लागलो.

दोन दिवस मासे शाळेतल्या काचेच्या बरणीत होते. ते काही मरेनात. मग माझ्या नवऱ्यानं नागपूरहून टाकी आणली, हवेचा छोटा पंप आणला. नवरा मिलमध्ये फिटर. त्याला कोणतंही यंत्र दिलं की तो खूश. लाइट गेली की तो सायकलचा पंप घेऊन बसायचा आणि नळी पाण्यात सोडून माशांना हवा मारायचा. "दुसऱ्याचे नवरे पत्ते खेळतात," मी म्हणायची. तो म्हणायचा, "दुसऱ्याच्या बायका असं काई घरी आणत नाईत."

पाणी मात्र बदलत राहावं लागायचं. दर खेपेला चाचा एक कॅन आणायचे. मी त्यांना एक मोठा पांढरा प्लास्टिकचा कॅन घेऊन दिला होता. किनाऱ्यावरचं पाणी गढूळ म्हणून ते नाववाल्याला गाठायचे, त्याच्याकडून आतलं पाणी भरून घ्यायचे. घरी आणून थेट टाकीपाशी ठेवायचे आणि स्वतःच हळूहळू ओतायचे. मी नुसती टाकीत हात धरायची, रेती उडू नये म्हणून. पैसे विचारले तर तोंड फिरवायचे. "पान्याचे पैसे कोन घेते बाई?" झालं. त्यावर बोलायची सोय नाही.

मग मी माझ्या परीनं फेड सुरू केली. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आमच्या दोन्ही घरांत पक्कं. ईदला चाचींची शेवयांची वाटी आली की ती माझ्याकडून तांदळाच्या पापड्या घेऊन जायची; त्याच वाटीत पुन्हा त्यांचं लोणचं यायचं. वाटी कोणाची होती हेच आम्ही विसरून गेलो होतो. तसाच कॅन. चाचा निघाले की मी रिकाम्या कॅनच्या मुठीला फडक्यात बांधून काहीतरी द्यायची. चिवडा, जवसाची चटणी आणि भाकरी, नाहीतर तिळाचे लाडू. कॅन मद्रासला जायचा माझं गाठोडं घेऊन आणि यायचा समुद्र घेऊन. मला वाटायचं, चला, बरोबरी झाली.

या सगळ्यावर एकटी नाराज होती ती माझी सासू. मी तिला आत्याबाई म्हणायची. घरातलं पाणी तिच्या ताब्यात. नळ यायच्या आधी ती नळापाशी. कोणता हंडा प्यायचा, कोणता भांड्यांचा, कोणता अंघोळीचा, सगळं तिचं ठरलेलं. तिचं माहेर सावलीकडचं. तिच्या लहानपणी आमच्या लोकांना विहिरीवर चढायची सोय नव्हती. ती फार बोलायची नाही त्यावर, पण भरलेल्या हंड्यावर झाकण ठेवताना तिचा हात ज्या तऱ्हेनं फिरायचा, ते पाहिलं की कळायचं.

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडून जायचं आणि मीठ मागे राहायचं. म्हणून काचेवर केलेल्या खुणेपर्यंत रोज गोडं पाणी घालावं लागायचं. आमचा उन्हाळा म्हणजे काही विचारू नका. टाकीला ओली पोती गुंडाळून ठेवायची, कूलरचं तोंड तिच्याकडे. मी माठाकडे तांब्या घेऊन निघाले की आत्याबाई बाजेवरून म्हणायची, "पेता येत नाई, आंघोळ करता येत नाई, कपडे धुता येत नाई. मंग हे पानी हाये तरी कायले?"

"पाहायला," मी म्हणायची.

"पाहाले," ती म्हणायची आणि पदरानं वारा घ्यायची. कूलर माशांकडे होता ना. मला टोचायचं, पण मी कूलर वळवायची नाही. मग माझं टोचणं काय कामाचं, सांगा.

मासे वाढले. नखाएवढे होते ते हाताच्या बोटाएवढे झाले, मग त्याहून मोठे. त्यातला एक दांडगा निघाला. सगळी टाकी त्याची. दुसरा जरा कुठे फिरायला निघाला की हा त्याच्या शेपटीला चावलाच. धाकटा मग पंपाच्या नळीमागे उभा राहायचा, काचेला अंग लावून. त्याची शेपटी झिजत चालली होती. वर्गात एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी कान धरून बाहेर काढलं असतं. इथे कोणाला कुठे काढणार? दोन फूट जागा.

एका खेपेला चाचांनी एक दगड आणला होता, त्यावर फुलासारखा एक जीव होता. अंधार पडायला लागला की मिटायचा, सकाळी उघडायचा. दगडाच्या खाचेत एक गोगलगाय होती. शाळेच्या लायब्ररीत समुद्रावरचं एक पुस्तक मला सापडलं, त्यात पोवळ्यांच्या खडकांची चित्रं होती. ती पाहून माझं डोकंच फिरलं. दगडावर दगड, त्यांच्या कपारी, कपारींमध्ये लपायला जागा. धाकट्याला एक कपार मिळाली तर तो जगेल. आणि खरं सांगायचं तर मला तो खडक माझ्यासाठीसुद्धा हवा होता. धाकट्याचं नाव पुढे करून मी आपला हट्ट पुरा करून घेत होते, हे तेव्हाही मला कळत होतं.

अशात मिलच्या एका साहेबांची बदली झाली. त्यांच्या बंगल्यात चार फुटांची काचेची टाकी होती, साध्या पाण्याची. नवऱ्याला ते म्हणाले, घेऊन जा, पण रविवारपर्यंत उचला. नवरा घरी आला तोच टेप घेऊन. समोरच्या खोलीत मोजमाप सुरू. आत्याबाईची बाज मागच्या खोलीत सरकवली तर टाकी बसत होती.

मी चाचांना विचारलं. त्यांचे डोळे चमकले. "चार फुटी? मंग पहिल्या भरणीलेच सात-आठ कॅन लागतीन ना बाई. आनू ना, त्यात काय! दोन-दोन आनतो दर खेपेला." दगडही आणतो म्हणाले. मला त्या क्षणी असं झालं की जगात आपल्याला कोणी नाही म्हणतच नाही.

दुसऱ्या दिवशी नळावर चाची भेटल्या. हंडा भरला तरी त्या जाईनात. मग हळूच म्हणाल्या, "बाई, एक बोलू का? मी बोलली म्हणून सांगायचं नाई." कंत्राटदारानं डायनिंग कारवर नवा मॅनेजर आणला होता. जाताना तो काही पाहत नसे. पण मद्रासला परतीचं सामान चढलं की एकेक डबा तपासायचा. चाचांचा कॅन त्यानं दोनदा धरला होता. कणकेच्या पोत्यांमागे, जिथे चाचा पाठ टेकायचे, तिथेच ते कॅन ठेवायचे. रात्रभर त्यावरच बसून यायचे. मॅनेजर म्हणाला होता, यापुढे हा कॅन दिसला तर त्याच्यासकट तुलाही खाली उतरवतो. "तरी बी दोन आनतो म्हनतात तुमाले," चाची म्हणाल्या. "मी बोलली, मना करा. तर मलाच रागावले. बोलले, बाईनं पानी मांगितलं, पान्याले नाई कसं म्हनू?"

मला चाचींचाच राग आला. कमाल आहे की नाही? "मग आधी का नाही सांगितलं?" असं मी फटकन बोलले आणि हंडा डोक्यावर घेऊन तरातरा निघून आले. घरी येऊन टाकीसमोर बसले. दांडगा पट्टेवाला पुढे येऊन माझ्याकडे पाहत होता, खायला मागत होता. धाकटा नळीमागे.

रविवार जवळ येत चालला होता. एका बाजूला चाचांचं काम, दुसऱ्या बाजूला तो नळीमागचा जीव, आणि मध्ये मी, जिनं हे सगळं एका गमतीच्या वाक्यावरून सुरू केलं होतं. वर्गात शिकवताना मी मध्येच थांबायची. भिंतीपलीकडे चाचा खोकले तरी मला वाटायचं, कॅन उचलून उचलून छाती भरली असेल. ते नुसते विडी ओढत असायचे.

नवऱ्यानं तोडगा काढला. "अवं, समुद्र म्हंजे का? पानी आन् मीठ. मीठ बजारात नाई मिळत का?" बादलीत माठाचं पाणी घेऊन त्यानं खडेमीठ विरघळवलं, चाखून चाखून टाकीच्या पाण्यासारखं केलं. त्याला मोठा आनंद झाला होता. आम्ही दगडाच्या खाचेतली गोगलगाय काढून त्यात सोडली. तिनं अंग आत ओढून घेतलं आणि पुन्हा काही बाहेर काढलं नाही. आम्ही वाट पाहिली, परत टाकीत टाकली, पण ती गेली ती गेलीच. नवरा बादली घेऊन बाहेर गेला. आता गोगलगाईचं मरणही माझ्या खाती आलं.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी घरी आले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. आत्याबाई माठापाशी तांदूळ निवडत बसली होती. मी चप्पल काढली आणि तशीच भिंतीला टेकून बसले. तिनं माझ्याकडे पाहिलं. "काऊन वं, तोंड काऊन पाडून बसली?"

मी सगळं सांगितलं. चाचींनी सांगू नका म्हटलं होतं तेही सांगितलं. सांगताना रडायला आलं. "मी नाही म्हटलं तर चाचांना कळेल चाचींनी सांगितलं. आणि त्यांना वाईट वाटेल. आणि तो मासा मरेल. आणि मला ती टाकी पाहिजे, आत्याबाई. पाहिजे मला." पाहिजे हे मी तोवर कोणाला मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

ती उठली. माठातून तांब्या भरून घेतला. "ओंजळ धर."

"काय?"

"धर त."

मी ओंजळ धरून तोंडाला लावली. ती वरून ओतायला लागली. मी प्याले. तहान भागली तरी ती ओततच होती. पाणी हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून पोलक्यात, नाकात. मी जोरानं मान हलवली तेव्हा ती थांबली.

"आमच्या लहानपनी असंच पेत होतो," ती खाली बसत म्हणाली. "विहिरीपाशी उभं राहाचं. कोनी आलं त वरून ओते. तो मनात आलं का थांबे. आमची तहान भागली का नाई, त्याले काय त्याचं? मान हालवाची पाळी कधी आलीच नाई आमच्यावर." तिनं सूप पुढे ओढलं. "हा शेजारचा भाऊ तसा नाई. हा थांबनार नाई. मायेनं ओतनाऱ्याले कसं समजन तुह्यं पोट भरलं म्हनून? पेनाऱ्यानंच मान हालवा लागते. हालव तू."

एवढंच बोलली आणि तांदळातले खडे वेचायला लागली. मी ओल्या पोलक्यानं तशीच बसून राहिले. मला वाटलं होतं, ती म्हणेल की बरं झालं, काढ ती टाकी, कूलर इकडे वळव. कूलरचं तिनं नावही घेतलं नाही.

रविवारी टाकी उचलायला नवरा गेला नाही. साहेबांनी ती दुसऱ्या कोणाला दिली. मी संध्याकाळी चाचांच्या ओट्यावर गेले. ते ड्यूटीच्या पिशवीत कपडे भरत होते.

"चाचा, मोठी टाकी नाही घेत मी."

"काऊन? बाज सरकत नाई का?"

"नाही, तसं नाही. पुरे झालं, चाचा. खूप पाणी आणलं तुम्ही. आता पुरे."

त्यांनी पिशवी बाजूला ठेवली. "माहं काई चुकलं का बाई? मागचं पानी गढूळ होतं का?"

मी म्हटलं, काही चुकलं नाही. मासे मोठे झाले, एकमेकांना मारतात, त्यांची जागा इथे नाही. तुम्ही आणले होते, तुम्हीच त्यांना परत सोडून द्या. त्यांनी पिशवी पुन्हा जवळ ओढली. मग म्हणाले, "तिकीट त त्यांचं परतीचंच होतं म्हना," आणि हसले. मीही हसले. आत स्वयंपाकघराच्या दारात चाची उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

ती शेवटची खेप. कॅनमध्ये टाकीचंच पाणी घेतलं. धाकटा लगेच हाती आला. दांडग्यानं अर्धा तास नवऱ्याला घाम फोडला. तो फुलासारखा जीव दगडासकट कॅनमध्येच सोडला. चाचा म्हणाले, गाडीत अधूनमधून हात घालून पाणी हलवत जाईन, येताना तसंच आणलं होतं. जाताना कोणी पाहत नाही हे मला चाचींकडून माहीत होतं, म्हणून माझा जीव जरा हलका होता. चाचा कॅन उचलणार तेवढ्यात मी सवयीनं म्हटलं, "थांबा," आणि मुठीला गाठोडं बांधलं. तिळाचे लाडू होते. गाठ पक्की आहे का ते ओढून पाहिलं.

घर एकदम मोठं वाटायला लागलं. रिकामी टाकी पुसून ठेवली. कूलर आत्याबाईच्या बाजेकडे वळवला. ती म्हणाली, "थंड लागते, जरा तिकडं कर." मला फार चांगलं वाटत होतं. आपण मोठ्या मनाचं काहीतरी केलं, असं चेहऱ्यावर दिसत असावं, कारण नवरा म्हणाला, "आता मेडल देऊ का?"

चाचांची परतीची गाडी आली आणि गेली. चाचा आले नाहीत. चाची स्टेशनावर जाऊन आल्या. तिथे उतरलेल्या डायनिंग कारमधल्या पोरांनी काही धड सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटली नाही, आमच्याकडून भाकरी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी काझीपेठकडून येणाऱ्या पॅसेंजरनं चाचा आले. मी ओट्यावर होते. गल्लीच्या तोंडाशी ते दिसले, आणि त्यांच्या खांद्यावर पांढरा कॅन.

मला वाटलं, रिकामा असेल. पण रिकामा कॅन माणूस हातात धरतो, खांद्यावर घेत नाही.

ते आधी आपल्या घरी गेले नाहीत. आमच्याकडे आले, आत येऊन कॅन रिकाम्या टाकीपाशी ठेवला आणि कपाळ पुसलं. "सोडले बाई. मोठा त पाहता पाहता गेला. लहाना जरासा पायापाशी फिरला, मंग गेला तो बी."

"चाचा, हे पाणी?"

"कॅन तुमचा ना," ते म्हणाले. "खाली कसा आनू?"

मागोमाग चाची आल्या, आणि त्यांच्यासमोर मग सगळं निघालं. मॅनेजरला कॅन पोत्यांमागे सापडला. गाडी काझीपेठला थांबली तेव्हा तो म्हणाला, पाणी इथे रुळावर ओत आणि कामाला लाग, नाहीतर कॅन घे आणि खाली उतर. चाचा उतरले. नोकरी गेली. रात्र त्यांनी फलाटावर काढली, कॅनवर बसून. हे सगळं ते असं सांगत होते, जसं दुसऱ्या कोणाचं असावं. "कांदे कापून कापून डोळे गेले होते बी माहे," म्हणाले. "स्टेशनापाशी अंड्याची गाडी लावतो आता. घरीच ऱ्हाईन रोज." चाची माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्यांनी मला एक शब्द सुनावला असता तर बरं वाटलं असतं.

एक वाक्य बोलायचं राहिलं होतं माझं. कॅन आणू नका, तिथेच फेकून द्या, एवढंच. आणि मी तर उलट गाठोडं बांधून दिलं होतं. जन्मभर ज्यांनी आमची वाटी रिकामी परत केली नाही, त्यांच्या हातात मी स्वतः भांडं दिलं, वर गाठ ओढून पाहिली.

मुठीला फडकं होतं. मी बांधलं होतं तेच, पण गाठ दुसरी. सोडून पाहिलं तर आत मद्रासच्या चकल्या. प्रवासात मोडल्या होत्या.

ते दोघं गेल्यावर आत्याबाई बाजेवरून उठून बसली. कॅनकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. रागानं बोलली नाही ती. "मान त हालवली तू," ती म्हणाली. "पन ओंजळ काई सोडली नाई."

मी फडकं खाली ठेवलं आणि कॅन उचलायला गेले. तो हलेना. दोन्ही हात लावले, गुडघ्याचा जोर लावला, तेव्हा जेमतेम वीतभर उचलला. इतके दिवस चाचा तो टाकीपाशी आणून ठेवायचे आणि स्वतःच ओतायचे. भरलेला कॅन मी त्या दिवशी पहिल्यांदा उचलला.